वरच्या मॉडेलचा सीडी प्लेअर

आधीच स्पष्ट करते, चालती वस्तू फेकून द्यायला लावणाऱ्या प्रत्येकाशी माझं भांडण आहे. त्यावर मी पत्रकं लिहिलीत, डोंबिवली स्टेशनबाहेर उभं राहून वाटलीत आणि लोकांना त्याच पत्रकांवर बसून भेळ खातानाही पाहिलंय. तरीही लिहितेच. पण हे भांडण एकदा घरातच जिंकलं गेलं, आणि जिंकणारी मी नव्हते.

बाबांची गाडी एकोणीस वर्षांची. घेतली तेव्हा वरच्या मॉडेलला कंपनीचा सीडी प्लेअर होता, खालच्याला कॅसेट. बाबांनी खालचं घेतलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्याच सुमारास आमच्या कोकणातल्या गावी डबलबारी झालेली, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना. आमच्या बुवांच्या बाजूला पखवाजावर बाबा. कुणीतरी त्याची सीडी काढली. ती आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असते. घरातला प्लेअर कधीच मेला, आणि बाबांच्या उजव्या हाताची बोटं आखडल्यावर पखवाजही सुटला. त्यांना एवढंच हवं होतं, की यंदा गणपतीला गावी जाताना ती सीडी गाडीत वाजावी.

"पेनड्राइव्हवर टाकून देते ना," मी म्हणाले.

"तुझा पेनड्राइव्ह तुझ्या मोर्चाला ने. मला चकती आत जाताना बघायचीय."

माजिवड्याच्या एका दुकानात गेलो. तिथला म्हणाला, "अंकल, अभी सीडी कौन सुनता है? टचस्क्रीन लगाओ. डॅशबोर्ड थोडा काटना पडेगा, बस."

काटना पडेगा! एकोणीस वर्षांत ज्यावर ओरखडा पडू दिला नाही, तो डॅशबोर्ड हा माणूस करवतीनं कापणार! मी तिथेच सुरू झाले. बाबांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. "अगं, तो दुकान चालवतोय, सरकार नाही."

शेवटी शीळ रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे तीच गाडी सापडली. वरचं मॉडेल, पुढून चेपलेलं, पण प्लेअर शाबूत. बाबांनी सोबत डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकणही काढून घेतलं, कारण वरच्या मॉडेलच्या झाकणाला कुलूप असतं. एवढी वर्षं थांबलेल्या माणसाला थोडं हावरट व्हायचा हक्क आहे, असं माझं मत.

घरी आईनं दोन्ही वस्तू दारातच अडवल्या. "अपघाताची गाडी. कुणाचं काय झालं असेल, देव जाणे. असंच नाही आत यायचं." प्लेअरवर तिनं नुसतं गोमूत्र शिंपडलं. झाकण मात्र बाथरूममध्ये नेऊन काथ्यानं घासलं. आतल्या बाजूला निळ्या शाईनं काहीतरी खरडलेलं होतं, तेही घालवलं. "बघ, कसं चकचकीत झालं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही कोपरला वायरमन काकांकडे. तिथलेच आगरी, जुन्या गाड्यांच्या तारा त्यांना तोंडपाठ. एक तार कापावी लागली नाही. कंपनीचाच प्लेअर, कंपनीचीच जागा, खटकन बसला. चावी फिरवली, आणि छोट्या पडद्यावर शब्द उमटला, 'कोड'.

"चोरीच्या भ्यानं कंपनीनं घातलाय," काका म्हणाले. "बॅटरी निघाली का मागतो. चार आकरे. तीनदा चुकला का मेला कायमचा."

मी पेटले. विकत घेतलेल्या वस्तूला कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात ठेवायची? तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, प्लेअर तुमच्या गाडीचा नाही, कोड मिळणार नाही. मी दहा मिनिटं वाद घातला. समोरच्या मुलीनं शेवटी "थँक यू मॅडम" म्हणून फोन ठेवला.

काका तारा गुंडाळत होते. "पोरी, भाषान झाला? मंग सांग, त्या गारीचा कप्प्याचा झाकन कुठं हाय?"

मग कळलं. इकडच्या वायरमन लोकांची ती रीतच. बॅटरी बदलायला आलेला मालक कोडचं कार्ड हमखास हरवून आलेला असतो, म्हणून एकदा कोड मिळाला की तो झाकणाच्या आतून लिहून टाकायचा. म्हणजे पुढच्या वायरमनचे हाल नकोत.

बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"आमच्या हिनं घासलं," बाबा म्हणाले. कुणी गेल्याची बातमी द्यावी तसे.

झाकण आम्ही सकाळीच गाडीला बसवलं होतं. काकांनी ते सोडवून तिरकं धरलं. "टॉर्च मार. वरून नको गो, बाजूनं." शाई गेली होती, पण लिहिणाऱ्यानं पेन दाबून लिहिलेलं. प्लास्टिकवर इंग्रजी आकड्यांच्या खाचा होत्या. चार, शून्य, दोन. शेवटचा आकडा एक की सात?

"एक," मी ठामपणे म्हणाले. मी ठामच असते. काकांनी एक दाबला. चूक.

मी पुन्हा तोंड उघडलं, तर बाबांनी झाकण ओढून घेतलं. डोळे मिटून त्या आखडलेल्या बोटानं खाच चाचपली, एकदा, दोनदा. "मध्ये आडवी रेघ आहे. सात."

"बाबा, अजून दोनच वेळा..."

"तू गप."

सात दाबला. पडदा क्षणभर काळा झाला, मग त्यावर घड्याळ आलं.

बाबांनी शर्टाच्या खिशातून सीडी काढली. फटीनं ती हळूच गिळली, आतून घरघर झाली, आणि झांजांच्या मागून पखवाज उसळला. समोरच्या पार्टीचे बुवा विचारत होते, हा पखवाजवाला सकाळपासून जेवला नाही का? त्यावर पखवाजानं अशी काही थाप दिली, की रेकॉर्डिंगमधला अख्खा मांडव हसला. बाबाही हसले.

काका खिडकीतून आत वाकले. "यो पखवाज कोनाचा?"

"माझा," बाबा म्हणाले.

"मंग वारव ना आवाज!"