हौदाचं झाकण

नर्सरीत दोन गोष्टी आपोआप साठतात, फाटक्या पिशव्या आणि किस्से. पिशव्या निदान गोळा करून टाकता येतात. किस्से मात्र कुणी चहाला आलं की निघतातच!

आमची सरकारी नर्सरी माकणीच्या धरणाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. कडुलिंब, खैर, करंज असली जंगली झाडांची रोपं. मी तिथला इनचार्ज. हाताखाली सात बाया आणि पाण्याच्या मोटारीवरचा दत्तू. बायांत सगळ्यात जुन्या शेवंतामावशी.

गेल्या साली रोपांना मर लागली. काल टवटवीत असलेलं रोप आज बुडाशी मऊ पडून आडवं! बघता बघता निम्मे वाफे गेले. मग वरून निरोप आला, "यंदा पुन्हा हेच झालं तर नर्सरी बंद." सातही बायांचं काम जाणार. तेव्हापासून माझं एकच काम. रोज सगळ्यांच्या आधी यायचं, मान टाकलेलं रोप उपटायचं, माती धुऊन मूळ बघायचं. पांढरं असलं तर जिवात जीव. काळं दिसलं की शेजारचं रोप उपटायचं.

*

शेतकी कॉलेजातले एक सर बघायला आले. म्हणाले, "हा बुरशीचा रोग आहे. ही बुरशी पाण्यात पोहत पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडं जाते. सगळ्या रोपांना एकाच हौदाचं पाणी जातं, तो हौद सांभाळा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवंतामावशी म्हणाल्या, "आमच्या सात जणीत एकीला बी पवाय येत न्हाय, आन् बुरशीला येतंय व्हय!"

सरसुद्धा हसले. मला कुठलं हसू येतंय! मी त्यांच्या मागं वही घेऊन पळत होतो. हौदाला झाकण हवं. हौदात हात घालायचा नाही, पाय घालायचा नाही, झारी बुडवायची नाही. पाईपाचं तोंड मातीला लागू द्यायचं नाही.

*

पाईप टांगायला दत्तूनं आकडा ठोकला. लई इमानी माणूस, पण उंची सहा फूट, आणि आकडा त्यानं स्वतःच्या हिशोबानं ठोकला. दुसऱ्या दिवशी गडी निघाला येरमाळ्याला, येडाईच्या दर्शनाला. इकडं ऊन चढलं, रोपं सुकायला लागली आणि सात बाया आकड्याखाली उड्या मारतायत!

शेवटी मी खुर्चीवर स्टूल ठेवून चढलो. खालून शेवंतामावशी म्हणाल्या, "पाईपाला सोवळ्यात बसवलंय. आता पानी बी पळीनंच घालायचं का?"

संध्याकाळी आकडा खाली आला.

*

हौदात ब्लीचिंग पावडर टाकायची ठरली. सरांनी माप लिहून दिलेलं. तरी मी तीनदा मोजलं, चौथ्यांदा मोजायला बसलो तेवढ्यात दत्तू आडवा.

"सायेब, थांबा. आत मासे हायेत."

"कसले मासे?"

"म्याच आणून सोडले गेल्या म्हैन्यात, धरणातले. म्हणलं, पानी साफ ठिवतील."

म्हणजे महिनाभर आम्ही धरणातला गाळ आणि माशांची घाण रोपांना पाजत होतो! मी लई बोललो त्याला. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय. पण आदी माशांची बदली करा, मग पावडर टाका."

बादलीत घालून मासे परत धरणावर पोचवले. त्या दिवशी नर्सरीचं दुसरं कुठलंच काम झालं नाही.

*

ही धास्ती माझ्या घरापर्यंत पोचली. पाहुणे आलेले. मेव्हण्यानं माठात पेला बुडवला आणि मी ओरडलो, "हात बाहेर काढा! आधी ओगराळं घ्या!"

मेव्हण्याच्या हातातला पेला माठातच पडला. बायको म्हणाली, "अहो, ही माणसं आहेत, रोपं न्हाईत! मरत न्हाईत ती!"



*

एवढं करूनही रोज दोन-चार रोपं आडवी पडतच होती. हौदाला पत्र्याचं झाकण बसवलं, पाईप आकड्यावर, पावडर मापात. तरी मर कुठून येत होती, काही केल्या कळेना. बाया माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि मी वाफ्याकडं.

अशात धाराशिवहून मोठे साहेब आले. नर्सरी ठेवायची की नाही, हे तेच ठरवणार होते. वाफ्यांतून फिरताना एका पडलेल्या खैरापाशी थांबले.

"मूळ दाखवा."

मी रोप उपटलं. मातीचा गोळा होता, मूळ दिसेना. सवयीनं हौदाकडं वळलो. बघतो तर झाकणावर शेवंतामावशी मांडी घालून बसलेल्या!

"मावशी, उठा. साहेब थांबलेत."

"न्हाय."

"काय करलालाव मावशी? मूळ धुवायचंय!"

त्यांनी पायाशी ठेवलेली बादली माझ्याकडं सरकवली आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "ह्यात धुवा. रोज हौदात धुताव तुमी. काल लवकर आले तवा बघितलं म्या."

रोप माझ्या हातातच राहिलं. कसंबसं बादलीत बुडवलं. मूळ काळंकुट्ट निघालं.

साहेब जवळ आले. मुळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एवढा बंदोबस्त केलाय तुम्ही. मग रोग येतो कुठून, सापडलं का?"

मी बादलीतल्या गढूळ पाण्याकडं बघितलं. सगळ्या बाया खुरपी थांबवून बघत होत्या.

शेवंतामावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"सापडलंय सायेब," त्या म्हणाल्या. "आता न्हाय यायचा."

आणि साहेबांची गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्या झाकणावरून उठल्या नाहीत.