कॉलरला पायजमा

धानाच्या फार्मावर धान वर्षातून एकदा पिकतं, किस्से बारमाही! सिंदेवाहीच्या आमच्या फार्मावरचे कितीही सांगा, कोठीत उरतातच. हा रेकॉर्डींचा.

जंगल खात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना आमच्या हेडक्लार्क देशकरभाऊंना चावीचा ग्रामोफोन आणि आठ रेकॉर्डी देऊन गेला. त्यांवर एक ‘मास’ होता. मास म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, दीडशे वर्षांपूर्वी रचलेली, शंभरेक जण मिळून गातात. दर रविवारी आम्ही ऐकायचो.

टायपिस्ट कुरकुरला, “भाऊ, काही समजून नाई राह्यलं!”

“साहेबाची इंग्लिश समजते का तुले? तरी टाइप करून राह्यला ना?”

*

सुया संपल्या. नागपूरहून येईस्तोवर कोण थांबतो! धानोऱ्याच्या बांबूची काडी तासून टोक काढलं. आवाज आला, आणि मऊ आला!

भाऊ म्हणाले, “आता हे गाणं आपल्या जंगलातलं झालं!”

*

वर्षभरानं चांद्याचे एक पाद्री आले. पहिली रेकॉर्ड पलटून लावताच दचकले. “अहो, हा तर शेवट आहे!”

बघतो तर पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर नंबर सोळा! दुसरीच्या पाठीवर पंधरा! आधी आठही रेकॉर्डींच्या पुढच्या बाजू लावायच्या, मग पाठीच्या; आम्ही इमानदारीत दर रेकॉर्डला पलटी मारत होतो.

फाटकासमोरचे रहीमभाई टेलर कपाळावर हात मारून म्हणाले, “या अल्ला! सालभर कॉलरले पायजमा जोडून राह्यलो आपण!”

लगेच नंबरानं लावलं. चौथ्या बाजूला कडाड्! स्प्रिंग तुटली.

*

नवी स्प्रिंग यायला दोन महिने. इथं भाऊंचा डावा कान गेलेला, उजवा जात चाललेला. डॉक्टर म्हणाला, महिनाभर टिकला तर नशीब. मला फार वाईट वाटलं.

भाऊ टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “एकदा सरळ ऐकाचं हाय मले. मंग जाऊ दे कान!”

रहीमभाईंनी शिलाई मशीन उचलून आणली. तिच्या चाकाची वादी ग्रामोफोनच्या थाळीला बांधली. आठ दिवस दुकान बंद ठेवून पायाची चाल रेकॉर्डच्या वेगाशी बसवली!

*

रविवारी सोळा बाजू. मी रेकॉर्डी बदलत होतो, रहीमभाई पाय मारत होते, भाऊंचा उजवा कान भोंग्यात. सवा तासानं शेवटचं आमेन झालं. रहीमभाई घामानं निथळत होते. भाऊ हलेनात.

रहीमभाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, “भाऊ, आलं का ऐकू?”

भाऊंनी डोळे पुसले. “सगळं. फक्त नवव्या बाजूले तुमचा पाय ढिला पडला.”

रहीमभाई पुन्हा मशीनवर बसले आणि आमच्यावर ओरडले,

“काऊन पाहून राह्यले सगळे? नववी लावा!”