लेडीजचं दार

आखाडा बाळापूरच्या टॉकीजात लेडीजच्या दाराशी पद्माबाई बसायची, आणि त्या दारातून आत जायची हिंमत खुद्द मालकाला नव्हती. उत्तमराव म्हणजे टॉकीजचा मालक, साठ एकरांचा धनी. पण आत बसलेल्या आपल्याच बायकोला निरोप द्यायचा तर हा गडी दाराबाहेर उभा राहून घसा खाकरायचा. आतून आवाज यायचा, "कोण हाय?" मालक म्हणायचा, "म्या हाय, उत्तमराव." मग दार बोटभर उघडायचं, निरोप आत जायचा आणि पुन्हा कडी लागायची.

ही नोकरी तिला कशी लागली तेही ऐका. एक्क्याण्णव साली एका टवाळखोरानं अंधारात एका बाईचा हात धरला, आणि दोन महिने टॉकीजात बाई म्हणून फिरकली नाही. तोच हरामखोर एका बाजाराच्या दिवशी वांगे घ्यायला आलेल्या पद्माबाईला मुद्दाम धक्का मारून गेला. तिनं काय करावं? भाजीवाल्याच्या तराजूतलं दोन किलोचं माप उचललं आणि त्याच्या जबड्यावर हाणलं. दोन दात तिथंच मातीत पडले. उत्तमराव समोरच पानाच्या टपरीवर उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला बोलावणं धाडलं. तिचा नवरा अमृतराव बाजारात हमाली करायचा, स्वभावानं अगदी गरीब. तो एवढंच म्हणाला, "जा, पण कुणाचा जीव घेऊ नको माय."

जीव तिनं कुणाचा घेतला नाही, बाकी सगळं केलं. हातात बांबूची काठी, टोकाला लोखंडी कडं. बायका आत आल्या की आतून कडी. इंटर्वलला उघडायची, पुन्हा बंद. वसमतपर्यंतच्या सासवा सुनेला सांगायच्या, जायचं तर बाळापूरच्या टॉकीजात जा, तिथं पद्माबाई आहे. बारा वर्षांत त्या दारातून एकही गडीमाणूस आत गेला नाही. एक सोडून. तो म्हणजे ऑपरेटर हरिचंद.

त्याचं असं झालं, की मशीनच्या खोलीचा बाहेरचा लाकडी जिना वाळवीनं खाल्ला. उत्तमराव पडला चिकट. नवा जिना बांधायचा सोडून त्यानं लेडीजमधूनच वर जाणारी लोखंडी शिडी ठोकून घेतली. पद्माबाईनं त्याला तोंडावर शिव्या दिल्या आणि मग स्वतःचा कायदा केला. हरिचंदनं बायका यायच्या आधी वर चढायचं आणि शेवटची बाई गेल्यावर खाली उतरायचं. मधे चहा पाहिजे तर किटली दोरीनं खिडकीतून वर. बिचारा हरिचंद तीन-तीन तास वर कोंडलेला असायचा, पण त्यानं कधी तकलीफ सांगितली नाही.

आता तिच्या पोराचं. प्रज्ञेश टॉकीजातच वाढला म्हणा ना. लहान होता तेव्हा हरिचंदचा डबा तोच शिडीवरून वर न्यायचा. विसाव्या वर्षी तो पंक्चरच्या दुकानात बसायचा आणि उरलेला सगळा वेळ पिक्चरच्या नावानं घालवायचा. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तो उडणाऱ्या हिरोचा पिक्चर यायचा होता आणि महिनाभर आधीपासूनच बाळापूरची पोरं पार येडी झाली. काळा मुखवटा, पाठीवर पिवळं पांघरूण, आणि शेवटी हा बाबा डोंगरावरून उडतो आणि शंभर गुंडांना आभाळातून ठोकतो. पेपरात फोटो आला, मग काय विचारता! कापडवाल्याकडचं पिवळं कापड संपलं, लग्नघरांना हळदीसाठी मिळेना. डोंगरकडा गावच्या एका पोरानं गोठ्यावरून उडी मारून पाय मोडून घेतला, तरी दवाखान्यात पिवळं पांघरूण काही सोडीना. प्रज्ञेशनं तर आईचं पिवळं लुगडं मधोमध फाडलं. पद्माबाईनं त्याला उलथण्यानं बडवला. त्यानं मार खाल्ला आणि तेच लुगडं गळ्यात बांधून पोरांचा पुढारी म्हणून हिंडला.

रिळींची पेटी एकच आणि टॉकीज दोन, असा त्या पिक्चरचा सौदा होता. हिंगोलीला बारा वाजता खेळ सुरू व्हायचा, बाळापूरला तीनला. हिंगोलीत जेवढ्या रिळी संपतील तेवढ्या थावरानं फटफटीवर घालून बाळापूरला आणायच्या. थावरा भरवशाचा माणूस होता, वर्षानुवर्षं हेच काम करायचा.

पहिला शुक्रवार. चारशे खुर्च्या आणि सातशे माणूस. खुर्चीच्या हातावर माणूस, पायरीवर माणूस, पडद्याखाली माणूस. लेडीजमधे नव्वद बायका आणि त्यांची लेकरं. मधे छातीएवढी भिंत आणि वर छतापर्यंत जाळी होती, म्हणून तेवढी बाजू जरा बरी. प्रज्ञेशनं पडद्यासमोर नारळ फोडला. हिरो दिसला तशी चिल्लर उडाली, शिट्ट्या फुटल्या, कुणीतरी लवंगी लडच लावली आणि दोघांच्या पायजम्याला भोकं पडली. ते दोघेही नाचतच होते.

इंटर्वलनंतर हिरोला मार बसायला लागला. गुंडांनी त्याला साखळीनं बांधला, लोखंडी कांबीनं तुडवला, दरीत ढकलून दिला. आता उडणार म्हणून सगळं टॉकीज उभं राहिलं, आणि पडदा पांढराफटक झाला.

हरिचंदनं वरून हाक दिली, "पद्माबाई, थावरा आला न्हाई अजून! शेवटच्या तीन रिळी त्याच्यापाशीच हाईत!"

"मंग धीर धराय सांग लोकायला," ती म्हणाली.

पण हरिचंद घाबरला. खाली आरडाओरडा वाढला, तसं त्याला वाटलं, पडदा रिकामा ठेवण्यापेक्षा काहीतरी लावावं. हाताशी होती ती रीळ त्यानं पुन्हा चढवली. आणि ती होती मार खायची! म्हणजे ज्या हिरोसाठी ही पोरं महिनाभर उपाशी नाचली, त्याला त्यांच्याच डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा साखळीनं बांधलं, दुसऱ्यांदा तुडवलं, दुसऱ्यांदा दरीत लोटलं. अरे हरिचंद, तुला दुसरी रीळ सापडली नाही का रे?

पब्लिक खवळलं. "उडायचा भाग कापला!" कुणीतरी ओरडलं. "ऑपरेटर विकल्या गेला!" पहिली खुर्ची पडद्यावर गेली आणि पडदा टरकन फाटला. मग खुर्च्यांचा पाऊसच. तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याला लाथांनी तुडवला, त्याच्या बरगड्या मोडल्या. पंखा खाली ओढला, त्याच्या पात्यानं एकाचा कान अर्धा कापला. उत्तमराव समजूत घालायला पुढे आला तर त्याच्या टाळूवर सोड्याची बाटली फुटली. तो रक्तानं माखलेला जीपकडे पळाला, तर जीपच्या काचा आधीच फुटलेल्या.

"ऑपरेटरला खाली आणा! तंगडी धरून आणा!"

पण वर जायचं कसं? तेव्हा प्रज्ञेश खुर्चीवर चढून ओरडला, "शिडी लेडीजमधून हाय! माझ्या मागं या!"

पद्माबाईनं जाळीतून पोराचा आवाज ओळखला. बायका रडत दाराकडे धावत होत्या, लेकरं खाली पडत होती, आणि बाहेरच्या वऱ्हांड्यातून शेकडो पायांचा आवाज येत होता. दार उघडलं गेलं तर हे सगळं आत शिरणार आणि लेकरं चेंगरणार, हे तिला लख्ख दिसलं. तांड्यावरची पारुबाई दोन पोरं कडेवर घेऊन उभी होती, अंगानं दांडगी. पद्माबाईनं तिला धरलं.

"पारू, म्या बाहेर जाते. आतून कडी घाल अन् पाठ लावून उभी राय. म्या उघड म्हणलं तरी उघडू नको. कोणी माझ्या आवाजात बोललं तरी न्हाई."

ती बाहेर झाली. मागे कडी वाजली. समोर पिवळी पांघरुणं.

पहिला आला तो खुर्चीचा लोखंडी पाय घेऊन. तिनं गुडघ्यावर काठी घातली, तो ओरडत आडवा झाला. दुसऱ्याच्या नाकाचं हाड फुटलं, तोंडावरून रक्ताची धार लागली. तिसऱ्यानं तिचे केस धरले, तिनं त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की तोंडात मांस आलं. ते तिनं थुंकलं. मागून अर्धी वीट आली आणि तिच्या कपाळावर बसली. उजवा डोळा रक्तानं मिटला. ती भेलकांडली, पण पाठ दाराला लागली होती, म्हणून पडली नाही.

"या ना रे भाड्यांनो!" ती ओरडली. "एकेकानं काहून येता? समदे या!"

मग गर्दीतून प्रज्ञेश पुढे आला. हातात बाकाची फळी होती.

"आई, बाजूला व्हय."

"आत बाया हाईत."

"बायांला कोण हात लावून राहिलं? आमाला हरिचंद पायजे."

"अरे दोनशे जण शिरल्यावर लेकरं पायाखाली येतेत रे! अक्कल हाय का तुला? पळ घरी."

"समदे पाहून राहिले, आई. माझी इज्जत नको घालवू. व्हय बाजूला!" असं म्हणून त्यानं डाव्या हातानं तिचा खांदा ढकलला आणि उजव्या हातानं फळी दारावर घातली. दार हाललं. आतून बायकांची एकच किंकाळी उठली.

पद्माबाईनं काठी दोन्ही हातांनी उचलली आणि पोराच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज गर्दीत पार मागेपर्यंत ऐकू गेला. फळी पडली. तो येड्यासारखा डाव्या हातानं पुन्हा दाराला झोंबला, आणि तिनं दुसरी काठी घातली, डोक्यात. प्रज्ञेश तिच्या पायापाशी कोसळला. लुगड्याचं पिवळं पांघरूण लाल व्हायला लागलं.

पोटच्या पोराचं हिनं हे केलं, मग आपलं काय करील, असा विचार सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. पुढचे मागे सरले. ती रडत होती आणि काठी फिरवत होती, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात फाटकातून फटफटी शिरली. थावरा ओरडत आला, "आणल्या! रिळी आणल्या! हिंगोलीच्या पब्लिकनं उडायचा भाग तीनदा वन्स मोर लावायला लावला, म्या काय करू?"

आणि काय सांगू तुम्हाला, माणसाची जात! तीच गर्दी शिट्ट्या मारत आत पळाली. रिळींची पेटी हरिचंदनं किटलीच्या दोरीनंच वर ओढली. फाटक्या पडद्यावर हिरो उडाला, अर्धा पडद्यावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर, आणि मोडक्या खुर्च्यांवर उभं राहून लोकांनी चिल्लर उडवली. ज्याचा कान कापला होता तोही कानाला रुमाल धरून नाचत होता. बाहेर पद्माबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन लुगड्याच्या चिंध्या बांधत होती. वऱ्हांडा पुरता मोकळा झाल्यावर तिनं पारुबाईला तिच्या पोरांची नावं घेऊन खूण पटवली आणि दार उघडवलं. एकेक बाई मागच्या फाटकातून रस्त्याला लावली. एकाही लेकराला ओरखडा नव्हता. शेवटची बाई गेली तेव्हा कुठं तिनं थावराच्या फटफटीवर पोराला घातलं.

दवाखान्यात प्रज्ञेशला चौदा टाके पडले. कोपराचे तीन तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, हात आता सरळ होणार नाही. संध्याकाळी पोलीस ठाण्यातला प्रेमसिंग जमादार वही घेऊन आला. पद्माबाई कपाळाला पट्टी बांधून खाटेशी बसली होती, अमृतराव भिंतीला टेकून उभा होता.

"कसं लागलं रे?" जमादारानं विचारलं.

प्रज्ञेशनं आईकडे बघितलं नाही. "खुर्चीवरून पडलो."

जमादार लिहायला लागला. पद्माबाई उठली.

"पडला न्हाई. म्या मारलं. तसं लिहा."

"अहो बाई, तुमच्यावर केस व्हईल. पोरगा स्वतः म्हणून राहिला ना पडलो म्हणून. सुटा की."

अमृतरावानं हात जोडले. "गप बस ना माय. झालं तेवढं लय झालं."

"गप काहून बसू?" तिचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. "आज माझं पोरगं खुर्चीवरून पडलं म्हणून लिहिलं, तर पुढच्या शुक्करवारी दुसऱ्याच्या पोरानं त्या दाराला हात लावल्यावर त्याला म्या कोणत्या तोंडानं मारू? त्याची माय म्हणंल, आपल्या लेकाचं झाकलं अन् माझ्या लेकाचं डोकं फोडलं. लिहा जमादारसाहेब. पद्माबाई अमृतराव, राहणार बाळापूर. काठीनं मारलं. दोन डाव."

जमादार पेन धरून तसाच थांबला. मग खाटेवरून प्रज्ञेशनं मान वळवली.

"लिहा, तिनंच मारलं," तो म्हणाला. "पण आधी हे लिहा. शिडी कुठं हाय ते म्या सांगितलं. दार फोडाय पुढं म्याच होतो. आईला म्याच ढकललं."

जमादारानं दोघांकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. पद्माबाईनं इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. तिनं पोराचा तो मोडका हात जपून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि भरल्या वॉर्डात हंबरडा फोडला.