प्लास्टरची मूर्ती

दरवर्षी एक साहेब संग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन घेऊन पुसेगावात मी शिकवतो त्या शाळेत येतात. मूर्ती प्लास्टरच्या असतात, साहेबांचे हातमोजे मात्र अस्सल सुती. कुणी जवळ सरकलं की म्हणतात, "अंतर ठेवा, वारसा आहे."

यंदा एका म्हातारीनं विचारलं, "ही आमच्या वावरात निघालेली मूर्ती न्हाई का? खरी काहून न्हाई आणली?"

"आजी, प्रवासात खराब होते."

"इतकी वर्सं नांगराखाली होती, तवा न्हाई झाली ती!"

साहेबांकडे प्रत्येक प्रश्नाला छापील उत्तर असतं. या वेळी त्यांनी हातमोजे काढून अभिप्रायाच्या वहीत तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

मी म्हणालो, "वरिष्ठ चिडतील."

"वरिष्ठ वही उघडत नाहीत," साहेब म्हणाले. "पुढच्या गावची माणसं वाचतात."