वहिनीने निवडलेल्या सहली

माझी वहिनी शाळेतून निवृत्त झाली त्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, मला समुद्र बघायचाय."

मी भाजी ढवळत होते. गॅस बंद केला आणि तिच्याकडे वळले. आमच्या घरात समुद्र हा शब्द कुणी काढत नसे. टीव्हीवर लाटा दिसल्या तरी आई चॅनल बदलायला सांगायची.

माझा दादा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात होता. आम्ही बडोद्याची माणसं, खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत, पुढचे सगळे नोकरदार. खाऱ्या पाण्याशी आमच्या घराण्याचा कधी संबंध आला नव्हता. दादानेच तो जोडला. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. जहाज मुंबईहून दक्षिणेकडे निघालं, आणि एका सकाळी हजेरीला दादा नव्हता. जहाज मागे फिरवलं, शोधाशोध झाली. काहीच सापडलं नाही. कंपनीच्या माणसाने फोनवर जागा सांगितली, ती ढोबळमानाने मालवणच्या समोर, पण खूप आत. त्या वेळी आम्ही बडोद्यात पाणीगेटला राहत होतो. आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि त्या माणसाला म्हणाली, "सापडला नाही म्हणजे आहे. तुम्ही नीट शोधा."

त्या वाक्यावर आमचं घर पुढे चाललं. आईने वहिनीला टिकली काढू दिली नाही. वहिनीनेही काढली नाही. तिला मूलबाळ नव्हतं, माहेरच्यांनी दोनदा न्यायला माणूस पाठवला, ती गेली नाही. शाळेत गणित शिकवत राहिली. मी लग्न केलं नाही, एका वाचनालयात नोकरी केली. सुरुवातीला ती मला "वन्सं, तुम्ही" म्हणायची. सुभानपुऱ्यात फ्लॅट घेतला तोवर त्याचं "अगं" झालं होतं. बारा वर्षं झाल्यावर गुरुजींनी दबकत विषय काढला, की अशा माणसाचे विधी दर्भाची आकृती करून करता येतात. आईने त्यांना चहासुद्धा पिऊ दिला नाही. नंतर आईही गेली. विधी तसेच राहिले. आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही.

म्हणून ती समुद्र म्हणाली तेव्हा मला वाटलं, निरोप द्यायला जायचं असेल. मी लगेच हो म्हटलं.

आमच्या कोपऱ्यावर सहलींचं बुकिंग करणारा एक गुजराती गृहस्थ आहे. त्याने खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं. "बेन, गोवा लई लो ने. बधा त्यांज जाय छे. नहीं तो केरळ, हाउसबोट, एकदम शांती."

"सगळे जातात तिथे नको. मालवण," वहिनी म्हणाली.

त्याने मालवणच्या सहली एकेक करून सांगितल्या. किल्ला, पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघणं, डॉल्फिनची होडी, खाडीतली फेरी, गावातून चालत फिरणं. वहिनीने प्रत्येकाबद्दल प्रश्न विचारले. किल्ला तिने लगेच बाजूला केला. प्रवाळही. "गावातून फिरवतात म्हणजे कुठून? माणसांशी बोलायला मिळतं का? कोळ्यांच्या वस्तीत नेतात का?" तो गृहस्थ जरा गोंधळला. लोक साधारणपणे जेवणात काय असेल ते विचारतात. वहिनीने गावातून फिरण्याच्या दोन सहली घेतल्या, दोन वेगवेगळ्या गावांच्या. मग बंदरावरचा माशांचा लिलाव. शेवटी डॉल्फिनची होडी. मी म्हटलं, "एक दिवस नुसतं बसायला ठेव की." ती म्हणाली, "बसायला घर आहे."

पावसाळा सरल्यावर आम्ही गेलो. कुडाळला गाडीतून उतरलो आणि दमट हवा अंगाला चिकटली. समुद्राजवळच्या एका घरात राहायची सोय होती, नारळांच्या सावलीत दोन खोल्या, आणि जेवायला वाढणाऱ्या घरमालकीण काकू. पहिल्या सकाळी त्यांनी घावणे वाढत विचारलं, "आज खंय जातालात?"

"गाव बघायला," वहिनी म्हणाली.

"गावात काय बघतालात? आमचीच घरां!" काकू हसल्या.

आमच्या गटात आणखी तीन कुटुंबं होती. वाट दाखवायला गावातलीच एक बाई होती, पायात प्लास्टिकच्या चपला, बोलणं भराभर. ती कोकमाचं झाड दाखवायची, सगळे वर बघायचे. वहिनी मात्र शेजारच्या अंगणाकडे बघत असायची. बाई सांगायची, जाळं असं विणतात. वहिनी विणणाऱ्याच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघायची. मला वाटलं, समुद्र इतक्या जवळ आल्यामुळे ती बावरलीय. संध्याकाळी लिलावात तर ती गर्दीच्या कडेकडेने फिरत राहिली. सुरमईचे ढीग, बर्फ, बोली लावणाऱ्यांचा कल्ला, आणि ती एका पुरुषावरून दुसऱ्या पुरुषावर नजर नेत चाललेली. मी हाक मारली तेव्हा दचकली.

दुसऱ्या दिवशीच्या गावात रापण ओढणं चाललं होतं. होडीने समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं वाळूवरून दोन्ही बाजूंनी खेचत आणतात; बायका, पुरुष, म्हातारे, सगळे दोराला लागलेले असतात. वाट दाखवणारी म्हणाली, "तुमीव लागा दोराक, मजा येतली!" पर्यटक हसत पुढे धावले. मीही चपला काढल्या.

दोराच्या मागच्या टोकाला एक उंच माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. डोक्यावर टॉवेल, डावा खांदा किंचित खाली आलेला. दादाचा तसा होता. लहानपणी पडून हाड मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं. मी वहिनीकडे बघितलं तर ती जागेवर नव्हती. ती ओल्या वाळूतून सरळ त्या माणसाच्या दिशेने चालत होती, साडीचे काठ भिजलेले, चालणं हळूहळू पळण्यात बदलत गेलेलं. त्याच्या मागे दोन हातांवर ती थांबली.

"अहो," ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारावी तशी.

माणूस वळला. साठीचा, पिंगट डोळ्यांचा, अनोळखी. "काय ओ ताई?"

वहिनीने पदर सावरला. "काही नाही. मासळी कुठली लागलीय, ते विचारत होते."

"अजून खंय? जाळां येवंदे," तो म्हणाला आणि परत दोराला लागला.

त्या दुपारी आम्ही खोलीच्या पायरीवर बसलो. काकूंनी सोलकढी आणून ठेवली होती, दोघींनी तिला हात लावला नाही. मी विचारलं, "तू त्याला शोधतेयस?"

तिने पायरीजवळ पडलेली नारळाची झावळी बाजूला सारली. मग तिने सांगितलं. जहाज सुटण्याआधी मुंबईहून त्याचा फोन आला होता. तो म्हणाला होता, "कंटाळा आलाय गं. हे जहाज नको, बडोदं नको. किनाऱ्यावर कुठेतरी उतरावं आणि कुणाला न सांगता राहावं, असं वाटतं." तिने ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, "राहा, मग स्वयंपाक कोण करेल?" तोही हसला. एवढंच बोलणं झालं.

"तुम्हा सगळ्यांना एकच प्रश्न होता, ते बुडाले की जिवंत आहेत," ती म्हणाली. "मला वेगळंच वाटत होतं. वाटायचं, ते पोहत किनाऱ्याला आले असतील आणि इथेच कुठे तरी राहिले असतील. मला सोडून. आई म्हणायच्या तो आहे, तेव्हा त्यांना बरं वाटायचं. मला ते ऐकताना काय व्हायचं, ते कसं सांगू? ते असतील, तर मला टाकून असतील. आणि ते नसावेत असं तरी मनात कसं आणू?"

इतकी वर्षं आम्ही एका ताटातलं खाल्लं आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण रडली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे डॉल्फिनची होडी होती. मी म्हटलं, रद्द करू. ती म्हणाली, "नाही, ही तर हवीच आहे."

होडीत आमच्याशेजारी एक गुजराती कुटुंब होतं. आम्ही बडोद्याच्या म्हटल्यावर, "अरे, अमे पण!" म्हणत त्यांनी डबा उघडून थेपले पुढे केले. वहिनीने एक घेतला आणि हातातच धरून ठेवला. किनाऱ्यावरची घरं लहान होत गेली, मग फक्त माडांची हिरवी रेघ उरली. डाव्या बाजूला काळी पाठ दिसली आणि सगळे आरडाओरडा करत तिकडे धावले. होडी कलली. वहिनी उठली आणि मागे, इंजिनाजवळ बसलेल्या होडीवाल्याकडे गेली. मी तिच्यामागे गेले.

"भाऊ, एक विचारू? इथून माणूस पोहत किनाऱ्याला जाऊ शकेल?"

तो हसला. "कशाक? पोहूचा हा काय तुमका?"

"मला खरं सांगा. चांगला पोहणारा असेल तर?"

तिचा चेहरा बघून त्याचं हसणं थांबलं. त्याने इंजिन हळू केलं. "कोण गेलो तुमचो?"

"नवरा. जहाजावर होते. इथून खूप आत."

"दिवस खयचे?"

"पावसाळ्याचे. आषाढ."

तो किनाऱ्याकडे बघू लागला. मला वाटलं, आता काहीतरी दिलाशाचं बोलेल. तो म्हणाला, "ताईनू, दिसता जवळ, पण जमाचा नाय. हयसून पण जमाचा नाय. आणि आषाढात, त्या आतल्या पाण्यात... नाय. कोण येवक शकाचो नाय."

"नक्की?"

"माझो सख्खो भाव गेलो असो. ह्याच पाण्यात. मी खोटा कशाक सांगू?"

वहिनीने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. ती तिथेच फळीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. पुढे लोक डॉल्फिन मोजत होते, फोटो काढत होते. होडीवाल्याने त्यांना काही कळू दिलं नाही. परतताना त्याने होडी फार हळू चालवली. उतरताना वहिनीने त्याला नमस्कार केला. त्यानेही हात जोडले.

परत आल्यावर तिने स्वतःच गुरुजींना फोन लावला. कार्तिकात आम्ही चांदोदला गेलो. नर्मदेच्या घाटावर दर्भाची आकृती करून विधी झाले. दादाचं नाव आणि गोत्र तिने स्पष्ट उच्चारलं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बडोदं येईपर्यंत झोपली.

हल्ली ती दादाबद्दल बोलते. पूर्वी कधीच बोलत नसे. परवा लहरीपुऱ्यात चादरी घेताना दुकानदाराने निळी पुढे केली, तेव्हा म्हणाली, "ही नको. ह्यांना निळा रंग मुळीच आवडत नसे." दुकानदाराने सहज विचारलं, "साहेब आव्या नथी?"

"नाही," ती म्हणाली. "ते वारले."

मग तिने पिवळी चादर उघडून दाखवायला सांगितली, आणि आम्ही तिच्या काठाचं कापड बोटांनी तपासत उभ्या राहिलो.