सीटखालचं चोरबटण

आमच्या काळेवाडीच्या गल्लीतून एका महिन्यात दोन मोटरसायकली चोरीला गेल्या आणि गल्लीतले समस्त पुरुष रातोरात सुरक्षातज्ज्ञ झाले. एकाने चाकाला इतकी जाड साखळी बांधली की रोज सकाळी ती सोडता सोडता त्याची कंपनीची बस चुकायला लागली. दुसऱ्याने कॅमेरा लावला. त्यात त्याच्याच घराच्या पायऱ्या आणि शेजारचं मांजर एवढंच दिसायचं. मी या सगळ्यांना हसायचो, कारण मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे आपलंही काही चुकत असेल हा विचार माझ्या डोक्यात सहसा शिरत नाही.

माझी चारचाकी सेकंडहँड होती, पण लातूरकडच्या आमच्या सगळ्या भावकीत ती पहिली. गल्लीत भिंतीला चिकटून उभी असायची. मी जेवता जेवता दोनदा उठून गॅलरीतून तिला बघून यायचो. बायको म्हणायची, "पोरगी तापली होती तेव्हा एवढे उठला नव्हता." मी तिकडे दुर्लक्ष करायचो.

शेवटी एका रविवारी मी गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा, इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी एक म्हातारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाची वायर तोडतो आन् मधी बारकं बटण टाकतो. बटण बंद असलं की चोर किती बी चावी फिरवू द्या, इंजिन नुसतं घुरघुर करंल. पकडायचं न्हाई. त्याला वाटंल, गाडीच खराब हाय. शिव्या देत जाईल."

चोर शिव्या देत निघून जातो आहे, हे चित्र मला फार आवडलं. म्हाताऱ्याने ड्रायव्हरच्या सीटखाली, गालिच्याची कड उचलून, बोटाच्या पेराएवढं बटण बसवलं. मग हात पुसत म्हणाला, "जागा फकस्त तुमाला ठाव आन् मला ठाव. घरच्यांना बी सांगू नका."

हे वाक्य मी गुरुमंत्रासारखं घेतलं. घरच्यांना सांगितलं नाही.

कंपनीच्या बसमध्ये मात्र सोमवारी सकाळीच सांगितलं. एवढी अक्कल चालवायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. पिंपरी सोडेपर्यंत शेजारच्याला, भोसरीपर्यंत मागच्या दोन सीटांना आणि मोशीपर्यंत ड्रायव्हरसकट सगळ्यांना माझं चोरबटण कुठल्या बाजूला आहे, कितव्या बोटाने दाबायचं, सगळं माहीत झालं. चर्चा झाली. एकाने बटण बॉनेटमध्ये हवं होतं असं मत दिलं, त्याला मी पुराव्यानिशी खोडून काढलं. आमच्या मागच्या गल्लीत राहणारा, माझ्याच लाइनवर काम करणारा मित्र म्हणाला, "भावा, भारी डोकं लावलं राव." मी दिवसभर त्या वाक्यावर खूश होतो.

आता बायकोविषयी. ती डीएड आहे, लग्नाआधी गावाकडे तीन वर्षं शाळेत शिकवत होती. गाडी घेतल्यावर आम्ही दोघांनी एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. ती परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाली, मी दुसऱ्या. हा तपशील मी बसमध्ये सांगितला नव्हता. लायसन्स आल्यावर तिने गाडी मागितली की मी म्हणायचो, ट्रॅफिक फार आहे, टायर बघून घ्यायचेत, पुढच्या रविवारी मोकळ्या रस्त्याला जाऊ. तो रविवार काही उजाडला नाही.

मे महिन्यात तिला चऱ्होलीच्या एका नव्या शाळेतून बोलावणं आलं. सकाळी नऊ वाजता सुट्टीतल्या उन्हाळी वर्गासमोर शिकवून दाखवायचं होतं. चऱ्होलीला आमच्याकडून सरळ जाणारं काही नाही. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या गाडी नेऊ का?" पोरीला तिने शेजारच्या काकूंकडे ठेवायचं ठरवलं होतं, साडीला इस्त्री करून ठेवली होती, फळ्यावर काय काढायचं त्याचा कागद तयार होता. मी मोठ्या मनाने म्हणालो, "ने की. गाडी काय माझ्या एकट्याची आहे?"

आणि रोजच्या सवयीने मी बटण आधीच बंद करून आलो होतो.

सकाळी बसमध्ये, मोशीच्या सिग्नलला, मला त्याची आठवण झाली. हे मी नीट सांगतो, कारण पुढे बरेच दिवस मी ते स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. आठवण झाली, मी खिशातून फोन काढला, तिचं नाव समोर आणलं. मग वाटलं, झोपलेली असेल, कशाला उठवा. माझा डबा तिनेच पाच वाजता भरून दिला होता. खरं कारण वेगळं होतं. गाडी सुरू झाली नाही तर ती रिक्षाने जाईल, आणि गाडी संध्याकाळी ओरखड्याशिवाय जागेवर मिळेल, हा हिशोब माझ्या मनात होता. मी फोन खिशात ठेवला. कंपनीच्या गेटवर फोन लॉकरमध्ये जातात, मग शिफ्ट सुटेपर्यंत विषय संपला.

पुढचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं. ती पाऊण तास गाडीत बसून चावी फिरवत होती. गाडी घुरघुर करायची, पकडायची नाही. गल्ली जमली. एक जण म्हणाला क्लच दाबा, दुसरा म्हणाला सोडा. साखळीवाल्याने सल्ला दिला, "वहिनी, बायकांच्या हाताला गाडी बसत नाही, भाऊंना येऊ द्या." ती चावी फिरवत राहिली. इस्त्रीची साडी घामाने पाठीला चिकटली तेव्हा उतरली, भोसरीपर्यंत एक रिक्षा आणि तिथून दुसरी, असं करत पोचली. तोवर दहा वाजून गेले होते. तिच्या वर्गात दुसरी बाई शिकवत होती. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, कळवतो. त्यांनी कळवलं नाही.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गाडी सुरूच झाली नाही."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी खाली गेलो, वाकल्यासारखं करून बटण दाबलं, चावी फिरवली. गाडी गुणी लेकरासारखी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गॅलरीत उभ्या असलेल्या तिला मी खालूनच म्हणालो, "बघ, झाली की. क्लच नीट दाबला नसशील."

मी रोज खराब मालावर लाल स्टिकर लावतो, त्यात काही चूक झाली तर रात्री मला झोप लागत नाही. त्या दिवशी मला झोप लागली.

त्यानंतर तिने गाडी मागितली नाही. मी एकदा उदारपणे विचारलंसुद्धा, तर म्हणाली, "नको, मला नाही जमत." लायसन्स तिने कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. शाळांचे फोन यायचे, त्यांनाही लांब पडेल असं सांगून ती नाही म्हणायला लागली. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटण्यात एक सोय असते, ते वाटत असलं की आणखी काही करावं लागत नाही.

दसऱ्याला आमच्या गल्लीत सकाळपासून गाड्या धुणं चालतं. सायकलीपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार. माझी गाडी नळाच्या तोंडावर उभी होती आणि मी आंघोळीला गेलो होतो. मागच्या गल्लीतला तो मित्र स्वतःची मोटरसायकल धुवायला आला, त्याला पाइप लावायला जागा नव्हती. त्याने वर हाक मारली. बायको आरतीचं ताट आणि चावी घेऊन खाली गेली आणि म्हणाली, "भाऊजी, ती माझ्याने सुरू होत नाही. हे आले की काढतील."

"त्यात काय हाय वहिनी," म्हणत तो आत बसला, डावा हात सीटखाली घातला, गालिच्याची कड उचलली, बटण दाबलं आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

मी टॉवेल गुंडाळून गॅलरीत आलो तेव्हा ती खाली वाकून सीटखाली बघत होती. तिने विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

"अख्ख्या बसला माहीत हाय की वहिनी," तो हसत म्हणाला. बिचाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिने वर माझ्याकडे बघितलं नाही. स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, चाकांना लावलं, मग गुडघ्यावर बसून त्या बटणालाही लावलं आणि वर झेंडूची पाकळी ठेवली. घरात आल्यावर तिने एकच विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला आठवलं होतं?"

मी म्हणालो, "मोशीला आठवलं होतं."

"पाच महिने मला वाटत होतं, मला गाडी येत नाही," ती म्हणाली आणि पुरणपोळ्या लाटायला बसली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तिने वाढलेली पोळी मी अर्धीच खाऊन उठलो. तिने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टवर असताना ती गाडी घेऊन त्याच वायरिंगवाल्याकडे गेली आणि बटणाची जागा बदलून आली. कुठे, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. बसमध्ये दोघातिघांनी चौकशी केली, त्यांनाही मला काही सांगता आलं नाही. दिवाळीनंतर तिला सांगवीच्या शाळेत नोकरी लागली. आता रोज सकाळी गाडी ती नेते, आणि मला मोशीच्या सिग्नलला आठवण्यासारखं काही उरलेलं नाही.

परवा रविवारी मला पिठाची गिरणी गाठायची होती. ती वर कपडे वाळत घालत होती. म्हटलं, कशाला विचारायचं, बघू. गाडीत बसलो, सीटखाली हात घातला, तिथे जुन्या बटणाचं भोक तेवढं होतं. डॅशबोर्डखाली चाचपलं, गिअरच्या मागे चाचपलं, चावी फिरवली. गाडी घुरघुर करत राहिली. गल्ली जमली. साखळीवाला म्हणाला, "क्लच दाबा." कॅमेरावाला म्हणाला, "सोडा." माझा शर्ट पाठीला चिकटला. तिनेही इथेच, याच सीटवर, याच माणसांसमोर पाऊण तास काढला होता, आणि तिला तर नऊ वाजता पोचायचं होतं.

ती खाली आली. दार उघडून म्हणाली, "सरका."

मी शेजारच्या सीटवर सरकलो. ती बसली, ओढणी सावरली आणि चावीकडे हात नेता नेता थांबली.

"तिकडं बघा," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्या मागे कुठेतरी बारीकसा टक आवाज झाला आणि गाडी सुरू झाली.