आडरस्त्यानं समुद्राकडं

सरळ रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचं कधी भलं होत नाही, यावर आमच्या थोरल्या साडूंचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावर, सरकारवर आणि सख्ख्या भावावर मिळूनही नसेल. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायला लागलो. जळकोटपासून थोडं आत त्यांचं गाव. शेती बऱ्यापैकी, अंगावर कायम पांढरा सदरा, आणि दारात एक जुनी जीप, जिचा हॉर्न सोडून बाकी सगळ्या भागांचा आवाज यायचा. ती जीप त्यांनी मोठ्या रस्त्यावर कधी घातली नाही. मोठा रस्ता आडवा आला तर बांधावरून उडी मारावी तसा तो ओलांडायचे आणि पलीकडच्या गाडीवाटेला लागायचे. "हायवेला गाड्या भेटतेत, मानूस भेटत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या वास्तुशांतीला ते सकाळीच निघाले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला पोचले. वाटेत एका म्हातारा-म्हातारीला जीपमध्ये घेतलं, त्यांना नायगावला सोडलं, तिथं कुणीतरी भोकरकडचा नवा रस्ता लई झकास झालाय म्हणालं, म्हणून तो बघून आले. येताना एक कोंबडी आणली होती. ती कुणी दिली हे त्यांना आठवत नव्हतं, पण देणाऱ्याच्या धाकट्या सुनेला दमा आहे आणि विहिरीला पाणी कमी आहे, हे मात्र पक्कं आठवत होतं.

रस्ता विचारणं हा तर त्यांचा धर्मच होता. पाठ असलेला रस्ताही ते विचारायचे. स्वतःच्या शेतापासून दोन हाकांच्या अंतरावर जीप थांबवून त्यांनी एका गुराख्याला जळकोट कुठं म्हणून विचारलेलं मी पाहिलंय. मी म्हटलं, दाजी, हे काय? तर म्हणाले, "इचारलं न्हाई तर त्याला वाटंल, ह्याला माझी गरज न्हाई." एकदा मी मोबाइलवर नकाशा लावला. त्यातली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगायला लागली तेव्हा दाजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग जीप झाडाखाली उभी करून फोनला अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तू कवा आली होतीस इकडं?" दाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि फोन माझ्या खिशात परत ठेवला. पुढं एका लग्नाला निघालो होतो, तर वाटेत बस चुकलेला एक भटजी भेटला. त्याला त्याच्या लग्नघरी वेळेत पोचवलं. तिथल्या मंडळींनी आम्हाला नवरदेवाकडचे समजून पंगतीत बसवलं आणि दाजींनी तिथं आग्रह करकरून लोकांना वाढलंसुद्धा. ज्या लग्नाला निघालो होतो तिथं पोचलो तेव्हा मांडव सोडायला आले होते.

या माणसाला एकच मुलगी, मनीषा. पुण्याला नोकरीला लागली, तिथंच कोकणातला एक मुलगा आवडला, दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि मग फोन केला. दाजींनी फोन ऐकून घेतला, "बरं" म्हणाले, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला निघून गेले. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. त्या दिवसापासून त्यांनी फक्त तिचं नाव घेणं सोडलं. तिचा फोन आला की अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, परसात जाऊन बोलायची आणि दाजी रेडिओचा आवाज मोठा करायचे. जगातल्या अनोळखी माणसाला गाव विचारणारा हा माणूस घरातल्या एका माणसाबद्दल एवढा गप्प कसा राहू शकतो, याचं आम्हाला नवल वाटायचं. मनीषाचा नवरा पुढं नोकरी सोडून गावी बागायत करायला गेला आणि ती समुद्राकाठी राहायला गेली.

त्याच वर्षी दाजींना समुद्र बघायची इच्छा झाली. तसं त्यांनी जाहीरच केलं, की मरायच्या आधी एकदा समुद्र बघायचा आणि तोही आडरस्त्यानं, गावं बघत बघत. बेत ठरवायला मला नांदेडहून बोलावणं आलं. ओसरीत सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर भुईमुगाच्या शेंगा मांडून दाजींनी गावं केली होती. लातूर, मुरूड, बार्शी, पुढं माणदेशातली गावं, पाटण. उशी उभी करून सह्याद्री केला होता. पलीकडं अक्काचं निळं पातळ पसरलं होतं, तो समुद्र. शेंगा दिवसभर इकडच्या तिकडं सरकायच्या, बोलता बोलता एखादं तालुक्याचं गाव कुणीतरी फोडून खायचं, आणि संध्याकाळ झाली की अक्का येऊन समुद्राची घडी घालून कपाटात ठेवायची. असे बेत कितीतरी झाले. कधी सोयाबीन काढायची असायची, कधी तुरीवर अळी पडायची, कधी जीपचा गिअर हातात यायचा. रस्ते दर वेळी बदलायचे, पण शेवटची शेंग मात्र निळ्या पातळाच्या काठावर एकाच जागी ठेवली जायची, चिपळूणच्या खाली, गुहागरच्या जरा अलीकडं. तिथं कोण राहतं हे ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. अक्का पातळाचा तो काठ हातानं सारखा करायची आणि आत जायची.

शेवटी एका वर्षी रबी निघाल्यावर खरोखरच निघालो. दाजी, अक्का, माझी बायको आणि मी. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन आणि वाटेत कुणाला द्यावी लागली तर म्हणून तुरीच्या डाळीच्या पुड्या. पहिल्या दिवशी लातूरच्या पुढं काही गेलो नाही, कारण एका गावात बैल हरवला होता आणि तो शोधायला गाडीवाला माणूस हवा होता. पुढं बार्शीच्या अलीकडं एका शाळेच्या ओट्यावर जेवलो, माणदेशात एका मेंढपाळाकडं चहा प्यालो. त्यानं दाजींना, समुद्र कशाला बघता, असं विचारलं, तेव्हा दाजींनी विषय बदलून लोकरीचा भाव विचारला. जसजसा घाट जवळ येत गेला तसतसे दाजी जास्त थांबायला लागले. पाटणला तर तीन पानटपऱ्यांवर एकच रस्ता विचारला. अक्का मागच्या सीटवर हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्यात नातीसाठी शिवलेली झबली होती, आणि नात तोवर झबल्यांच्या वयातून बाहेर पडली होती.

कुंभार्ली घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र दिसला. वाळूच्या कडेला सुरूच्या झाडांखाली जीप लावली. अक्कानं थोडा वेळ पाहिलं, "लई पानी हाय," म्हणाली, आणि मला हळूच विचारलं, की इथं रिक्षा मिळेल का. दाजी तिकडं तोंड करून उभे होते. ते ऐकत होते, पण म्हणाले एवढंच, की गाडी तापलीय, मी हितंच थांबतो. दोघी बहिणी रिक्षानं गेल्या. मी थांबलो. दाजींनी लगेच एका माणसाला गाठलं आणि त्याची सुपारीची बाग बघायला निघून गेले.

थोड्या वेळानं मनीषा स्कूटरवर आली, पुढं नातीला उभं करून. मला वाकून नमस्कार केला, इकडंतिकडं पाहिलं आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. दाजी आले ते हातात दोन शहाळी घेऊन, त्या बागवाल्याला मागं वळून काहीतरी सांगत. तिला पाहून ते थांबले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, रागानं का होईना. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले,

"बाई, हा रस्ता कुठं जातो?"

मनीषानं हात करून दाखवलं. "सरळ गेलं की मोठ्या रस्त्याला लागतो. देवळाच्या अलीकडं डावीकडं वळलं की आमचं घर हाय. अंगनात गाडी लावायला जागा हाय."

इतकी वर्षं पुण्याला आणि कोकणात राहून तिची बोली बदलली होती. ते 'हाय' तिच्या तोंडात कुठून आलं कोण जाणे. दाजी "बरं" म्हणाले. मग खाली बसून त्यांनी त्या पोरीला विचारलं, "कोन्या गावची गं तू?" पोरीनं हातानंच मागची नारळाची झाडं दाखवली. दाजींनी दोन्ही शहाळी तिच्यापुढं ठेवली. तिला ती उचलता येईनात, म्हणून मनीषानं घेतली आणि स्वयंपाकाचं बघते म्हणून पुढं गेली.

आम्ही निघालो. देऊळ आलं. दाजींनी गिअर उतरवला, जीप हळू केली आणि वळणावर थांबवली. आत घर दिसत होतं. फाटक उघडून ठेवलेलं होतं, अंगण झाडलेलं होतं, आणि दारात अक्का उभी होती. मी म्हटलं, दाजी, डावीकडं. "हाव," ते म्हणाले. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात हलले नाहीत. मागून एका टेम्पोनं हॉर्न वाजवला, परत वाजवला, आणि दाजींनी जीप सरळ पुढं काढली.

रात्री आम्ही दोघं पुढच्या गावात एका लॉजवर राहिलो. गाडीचं काम निघालंय असं मी फोनवर सांगितलं आणि पलीकडून मनीषाही, बरं, म्हणाली. सकाळी मी रिक्षानं दोघींना आणायला गेलो, तेव्हा तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या. ज्वारीचं पीठ तिनं कुठून तरी मुद्दाम मागवून ठेवलं होतं. घाटाच्या माथ्यावर दाजींनी जीप थांबवली, एकटे दगडावर बसले आणि त्या भाकरी खाल्ल्या. वाटेवरच्या कुत्र्यालाही आधी घास टाकून मग जेवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला तुकडा विचारला नाही. फडकं झटकून, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, जीप मोठ्या रस्त्याला घातली. कुणाला काही न विचारता, कुठं न थांबता आम्हाला घरी आणलं.

संक्रांतीला गेलो तेव्हा ओसरीत पुन्हा सतरंजी दिसली. दाजी थकल्यासारखे वाटत होते, पण शेंगा मांडत होते. या साली सोयाबीन निघाली की जायचं, म्हणाले. मग बराच वेळ शेंगा चाचपत बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथली डाव्या हाताची बाजू बघायची राहिली आपली, पाव्हणं." मी म्हटलं, या वेळी बघू. पण पेरणीच्या आधीच, उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झालेले दाजी उठलेच नाहीत. मनीषा आली. सगळे मोठे रस्ते धरून, न थांबता आली, तरी तिला उशीरच झाला होता.

तेरावा झाल्यावर मी तिला लातूरला पुण्याच्या बसवर सोडायला निघालो. जीप काढली. गावाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, बाबा जायचे त्या रस्त्यानं घ्या." मी घेतली. एका फाट्यावर पत्र्याचं चहाचं दुकान आहे, तिथला म्हातारा जीप ओळखून हात पुसत बाहेर आला. माझ्या जागी दुसरं कुणी बसलेलं शोधत असल्यासारखं त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, मालक आले न्हाईत का. मी सांगितलं. तो बाकड्यावर टेकला. मग उठून त्यानं आम्हाला जीपमध्येच चहा दिला आणि मनीषाकडं पाहुणी म्हणून बघत सांगायला लागला.

"त्येंची पोरगी हाय, समुद्राकडं दिलीया. लई हुशार. धाव्वीला आंगात ताप आसताना पेपर दिला तिनं. हे भाईर झाडाखाली बसून व्हते, पेपर सुटस्तोवर पानी प्याले न्हाईत. आल्यावर दुसरी गोष्टच नसायची त्येंची. दरसाली जातो म्हनायचे तिच्याकडं. गाडी दिसली की फाटकापस्तोर पळत येती म्हनं. आट दिस सोडतच न्हाई."

मनीषानं कपातल्या चहाकडं पाहिलं. मला वाटलं, ती आता सांगेल आपण कोण ते. पण ती म्हणाली, "हाव. सोडत न्हाई ती लवकर." आणि तिनं विचारलं, "आनखी काय सांगायचे?"

म्हाताऱ्यानं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसला आणि सांगू लागला. बस चुकणार हे मला दिसत होतं. मी जीप बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.